दारूमुळे बिघडलेलं यकृत आणि नव्या उपचारांच्या चाचण्या: सही करण्याआधी काय विचारावं?

कुळागर
नमस्कार मंडळी. डिचोलीच्या बाजूच्या एका वाचनालयातल्या आरोग्य-फलकासाठी पानभर मजकूर करायचा आहे. दारूमुळे यकृत बिघडलेला माणूस रुग्णालयात आहे. डोळे हळदीसारखे पिवळे, पोटात पाणी, बोलणं असंबद्ध. अशा वेळी घरच्यांना विचारलं जातं, "एका नव्या उपचाराची चाचणी चालू आहे, यांना त्यात घेऊ का?" हातात दहा-बारा पानांचं संमतीपत्र येतं आणि विचार करायला मिळते फार तर एक रात्र. त्या रात्री त्यांनी काय वाचावं आणि सकाळी डॉक्टरांना काय विचारावं, एवढंच या पानावर हवं आहे.

माझं मत आधी सांगतो, पटलं नाही तर खोडा. पहिला प्रश्न 'औषध कुठलं' हा नसावा. 'माणूस जगला की नाही हे तुम्ही कितव्या दिवशी मोजणार' हा असावा. ब्रिटनमधल्या स्टोपा चाचणीत (निष्कर्ष २०१५) तीव्र दारूजन्य हिपॅटायटिसचे (दारूमुळे यकृताला आलेली सूज) ११०३ रुग्ण चार गटांत वाटले होते: रोज ४० मिग्रॅ प्रेडनिसोलोन (हे स्टेरॉइड), पेंटॉक्सिफायलिन ४०० मिग्रॅ दिवसातून तीनदा, दोन्ही, किंवा दोन्हींच्या नकली गोळ्या. उपचार २८ दिवस. तेवढ्या दिवसांतले मृत्यू नकली गोळ्यांच्या गटात १७ टक्के, पेंटॉक्सिफायलिनवर १९, प्रेडनिसोलोनवर १४, दोन्हींवर १३. पुढे ९० दिवसांनी आणि वर्षाने पाहिलं तर गटागटांत फरक उरला नाही. २८व्या दिवसाचा आकडा ऐकून घरचे मात्र वर्षभराची आशा बांधतात.

रुग्ण चाचणीत बसतो की नाही हे कशावर ठरतं, आजवरच्या उपचारांचं काय झालं आणि भारतात रुग्णाचे हक्क काय, यावर लिहा. आकडा नक्की असेल तरच द्या, भिंतीवर लागणार आहे.

तपासनीस
प्रवेशाचा उंबरठा बहुतेक ठिकाणी मॅड्री गुणांक (आजार किती गंभीर हे सांगणारा आकडा) ३२ किंवा त्याहून जास्त असा असतो. रुग्णाच्या प्रोथ्रोम्बिन टाइममधून (पीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, सेकंदांत) प्रयोगशाळेचा कंट्रोल (निरोगी रक्ताचा वेळ) वजा करायचा, ४.६ ने गुणायचं, त्यात बिलिरुबिन (काविळीचा पिवळा घटक, मिग्रॅ/डेसीलिटरमध्ये) मिळवायचं. रुग्णाचे २२ सेकंद, कंट्रोल १२.५ आणि बिलिरुबिन १४ असेल तर ९.५ गुणिले ४.६ म्हणजे ४३.७, अधिक १४, एकूण ५७.७.

घोळ होतो तो कंट्रोलपाशी. पुष्कळ रिपोर्टांवर नुसता आयएनआर (पीटीचंच प्रमाणित गुणोत्तर) छापलेला असतो, त्यातून हे गणित मांडता येत नाही. मग कोणीतरी कंट्रोल अंदाजाने धरतो. ११ च्या जागी १३ धरला की गुणांक ९.२ ने घसरतो आणि बसणारा रुग्ण बाहेर जातो. म्हणून रक्त दिलं त्याच लॅबकडून 'पीटी सेकंदांत आणि त्या दिवसाचा कंट्रोल' लिहून मागावा. म्हापशाच्या लॅबचा पीटी आणि बांबोळीचा कंट्रोल अशी सरमिसळ करू नये. अजून एक. कावीळ लांबली आणि खाणं सुटलं की जीवनसत्त्व के कमी पडतं आणि पीटी त्यानेही वाढतो. ते इंजेक्शन आधी दिलं की नंतर, याची नोंद हवी.

नव्या चाचण्या बऱ्याचदा मेल्ड हा दुसरा गुणांक २० च्या वर हा निकष लावतात. त्यात बिलिरुबिन, क्रिएटिनिन (किडनीचं माप) आणि आयएनआर येतं, त्यामुळे कंट्रोलचा घोळ टळतो.

सुरंगी
गुणांकाच्या आधी निदान. २०१६ मध्ये अमेरिकेच्या एनआयएएए या दारूविषयी संशोधन करणाऱ्या संस्थेच्या तज्ज्ञगटाने चाचण्यांसाठी व्याख्या ठरवली, आता चाचण्यांचे बहुतेक आराखडे तीच घेतात. कावीळ गेल्या ८ आठवड्यांत सुरू झालेली असावी. किमान ६ महिने पिणं चालू असावं, पुरुषाचं रोज ६० ग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल, बाईचं ४० पेक्षा जास्त. कावीळ दिसली तेव्हा दारू सोडून ६० दिवस उलटलेले नसावेत. बिलिरुबिन ३ च्या वर, एएसटी (हे आणि एएलटी ही यकृताची एन्झाइमं) ५० च्या वर, एएसटी हे एएलटीच्या दीडपटीहून जास्त, आणि दोन्ही ४०० च्या आत.

हे शेवटचं महत्त्वाचं. एएलटी हजारांत असेल तर दारू हे एकटं कारण समजू नका. हिपॅटायटिस ए किंवा ई, पॅरासिटामॉल, नाहीतर काविळीवर घेतलेलं गावठी औषध शोधावं लागतं. घरचे नेमक्या याच दोन गोष्टी सांगायला संकोचतात: शेवटचा पेला कधी घेतला, आणि झाडपाल्याचं काय पाजलं. गुळवेलीच्या काढ्याने यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत, तेव्हा 'नैसर्गिक आहे, त्याने काय होतंय' म्हणून ते नाव गाळू नका. चित्र स्पष्ट नसेल तर यकृताचा तुकडा तपासतात, पण तो मानेच्या शिरेतून. पोटात पाणी आणि रक्त गोठायला उशीर, अशा वेळी बरगडीतून सुई घालणं धोक्याचं.

माड
सुरंगीताई, ६० ग्रॅम म्हणजे किती, हे फलकावर ग्रॅममध्ये लिहून कोणाला कळणार नाही. आपल्याकडच्या मापात करून देतो. मिली गुणिले टक्के भागिले १००, गुणिले ०.७९.

फेणी ४२.८ टक्क्यांची धरली तर ६० मिलीच्या पेल्यात साधारण २० ग्रॅम. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये ६१. म्हणजे रोजची एक क्वार्टर हीच पुरुषाची ती रेषा. बाईसाठी दोन पेल्यांतच रेषा येते. साध्या बिअरची ६५० मिलीची बाटली, ५ टक्के, २६ ग्रॅम. स्ट्राँग बिअर ८ टक्क्यांची असेल तर ४१.

हुर्राकात (काजूची पहिल्या धारेची दारू) फसगत जास्त होते. 'ती काय, सरबतासारखी' म्हणून मार्च ते मे मोठ्या ग्लासांनी जाते. १५ टक्के धरली तर २०० मिलीत २४ ग्रॅम, तसे तीन ग्लास झाले की ७१. शिवाय पहिल्या धारेची हुर्राक आणि पुन्हा गाळलेली फेणी यांची ताकद भट्टीगणिक बदलते, त्यामुळे घरगुती मालाचा आकडा अंदाजच. डॉक्टरांना 'दोन पेग' न सांगता बाटलीचं माप, लेबलवरचे टक्के आणि ती किती दिवसांत संपते हे सांगा.

पाटो_पूल
वाचनखूण साठवली. क्वार्टरचं गणित पहिल्यांदाच असं मांडलेलं पाहिलं.

शेवंती
सुरंगी, तुमच्या यादीत आपल्या पावसाळ्याची एक भर घाला: लेप्टो. जून ते ऑक्टोबर शेतात, चिखलात काम करणाऱ्याला ताप आणि कावीळ झाली, त्यातून तो पिणारा असेल, तर सगळे दारूकडे बोट दाखवतात. लेप्टोस्पायरोसिसमध्ये बिलिरुबिन खूप चढतं आणि एएसटी-एएलटी मात्र शंभर-दोनशेतच राहतं, म्हणजे कागदावर हुबेहूब दारूजन्य हिपॅटायटिस. फरक ओळखायला पोटऱ्यांचं दुखणं, लाल डोळे, चढलेलं सीपीके (स्नायूंचं एन्झाइम), लवकर बिघडलेली किडनी. अशा रुग्णाला प्रतिजैविक हवं असतं, त्याऐवजी स्टेरॉइड सुरू झालं तर नुकसान. मलेरियाही पाहून घ्यावा.

मांडवीकाठ
आता स्टेरॉइडबद्दल, कारण नवं औषध बहुतेक वेळा त्याच्याशीच ताडलं जातं किंवा त्याच्या जोडीला दिलं जातं. 'स्टेरॉइड निरुपयोगी' असा स्टोपाचा अर्थ काढू नका. २०१८ मध्ये ११ चाचण्यांतल्या २१११ रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली तेव्हा २८ दिवसांतला मृत्यूचा धोका स्टेरॉइडने साधारण एक तृतीयांशाने कमी झालेला दिसला. त्यानंतरचा फायदा टिकला नाही. कुळागर म्हणतात ते इथे बरोबर आहे.

टिकत नाही याचं एक कारण संसर्ग. स्टोपातच प्रेडनिसोलोन घेणाऱ्यांत गंभीर संसर्ग १३ टक्के, न घेणाऱ्यांत ७. म्हणून गोळी सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे, रक्त आणि लघवीचं कल्चर (जंतू वाढवून पाहणं), हिपॅटायटिस बी, क्षयाची शंका दूर करणं, आणि पोटात पाणी असेल तर ते सुईने काढून तपासणं, एवढं झालंच पाहिजे. पाण्यात पॉलिमॉर्फ (एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशी घनमिलीमीटरला २५० च्या वर म्हणजे संसर्ग. कल्चरसाठी १० मिली पाणी खाटेपाशीच रक्ताच्या कल्चर-बाटलीत भरायचं. साध्या नळीत प्रयोगशाळेत गेलं तर जंतू असूनही पुष्कळदा उगवत नाहीत.

सातव्या दिवशी लिली गुणांक काढतात. वय, अल्ब्युमिन, किडनीची स्थिती, पीटी, पहिल्या दिवसाचं बिलिरुबिन आणि सातव्या दिवसाचं बिलिरुबिन. ०.४५ किंवा जास्त आला तर औषध लागू पडत नाही असं समजून थांबवायचं. दोन्ही बिलिरुबिन एकाच लॅबचे हवेत. घरच्यांनी विचारायचा प्रश्न: "सातव्या दिवशी लागू पडलं नाही असं दिसलं तर तुमच्या आराखड्यात पुढे काय आहे?" उत्तर ठाम नसेल तर तो आराखडा कच्चा आहे.

अबोली
पण आपल्याच देशात जी-सीएसएफने (पांढऱ्या पेशी वाढवणारं इंजेक्शन) कमाल केली आहे, ते कोणी का लिहीत नाही? दिल्लीच्या आयएलबीएस या यकृत-रुग्णालयाच्या २०१२ च्या अभ्यासात अचानक यकृत निकामी होत चाललेल्या रुग्णांत ६० दिवसांनी ६९.६ टक्के जिवंत, दुसऱ्या गटात २९. चंडीगडच्या पीजीआय रुग्णालयाच्या २०१४ च्या चाचणीत तीव्र दारूजन्य हिपॅटायटिसमध्ये ९० दिवसांनी ७८.३ विरुद्ध ३०.४. कुळागरांना हवा तो ९० दिवसांचाच आकडा आहे. इंजेक्शन भारतात मिळतं. मग चाचणीची वाट कशाला पाहायची?

तपासनीस
अबोलीताई, आकडे बरोबर आहेत. पण दिल्लीच्या अभ्यासात ४७ रुग्ण होते, चंडीगडच्यात ४६. प्रत्येक बाजूला वीस-पंचवीस माणसं. दोन-तीन मृत्यू इकडचे तिकडे झाले तरी टक्के दहाने हलतात. त्यानंतर जर्मनीत ग्राफ्ट ही १७६ रुग्णांची चाचणी झाली (२०२१) आणि फायदा दिसण्याची शक्यता नाही म्हणून ती अर्ध्यात थांबवावी लागली.

याचा अर्थ आपल्या डॉक्टरांचं चुकलं असा मी काढत नाही. रुग्ण वेगळे, आजाराची पायरी वेगळी, तुलनेच्या गटाला मिळणारी शुश्रूषा वेगळी. आशियातल्या चाचण्या एका बाजूला आणि युरोपातल्या दुसऱ्या, अशी ही स्पष्ट फूट आहे, आणि ती मिटवायला मोठी चाचणीच लागते. तोवर दुकानातून आणून टोचणं म्हणजे चाचणीच, फक्त देखरेख नसलेली. शिवाय या इंजेक्शनाने पांढऱ्या पेशी वाढतात, हाडं दुखतात, पाणथरी मोठी होते. पांढऱ्या पेशी औषधाने वाढल्या की संसर्गाने, हे ओळखणं मग अवघड होऊन बसतं.

अबोली
वीस-पंचवीस माणसांचा मुद्दा पटला. पण चंडीगडच्या दुसऱ्या गटात ९० दिवसांत ७० टक्के माणसं गेली, अशा आजारात मोठ्या चाचणीची वाट पाहायला सांगणं घरच्यांना जड जाणार, हेही त्या पानाने समजून घ्यावं. 'छोटी चाचणी' हे शब्द त्यांना झिडकारल्यासारखे वाटू नयेत.

दर्यावर्दी
विष्ठेतल्या जंतूंचं रोपण राहिलं. ऐकायला विचित्र वाटतं, पण आयएलबीएसनेच १२० रुग्णांत ते प्रेडनिसोलोनशी ताडलं. ९० दिवसांनी रोपणाच्या गटात ७५ टक्के जिवंत, स्टेरॉइडच्या गटात ५७. निरोगी दात्याच्या मलातला गाळलेला द्रव नाकातून आतड्यापर्यंत घातलेल्या नळीने रोज, सात दिवस. कारण असं की दारूने आतड्याचा अडसर सैल होतो, तिथल्या जंतूंची विषं रक्तातून यकृताकडे जातात आणि सूज पेटती ठेवतात. आग विझवण्यापेक्षा सरपण बदलायचं.

सुरंगी
कल्पना चांगली आहे, मलाही आशा आहे. पण तिथे कोणाला काय मिळतंय हे रुग्णाला आणि डॉक्टरला दोघांनाही ठाऊक होतं, शिवाय एकच केंद्र. आणि दात्याची तपासणी हा गाभ्याचा भाग. २०१९ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामकाने इशारा दिला, कारण दात्याच्या मलातल्या औषधांना न जुमानणाऱ्या ई. कोलाय जंतूने एका रुग्णाचा जीव गेला. म्हणून अशा चाचणीत विचारा: दात्याच्या मलाची प्रतिकारक जंतूंसाठी तपासणी झाली आहे का, दाता कोण ठरवतो, नमुना किती दिवस जपून ठेवता. 'घरातलाच कोणीतरी देईल' असं उत्तर आलं तर त्याचीही तीच सगळी तपासणी व्हायला हवी.

मांडवीकाठ
पडलेल्या औषधांचीही नोंद हवी, नाहीतर पुन्हा कोणी तेच 'नवीन' म्हणून पुढे करतं. सूज पेटवणाऱ्या टीएनएफला रोखणारं एटानरसेप्ट: २००८ च्या चाचणीत ६ महिन्यांनी औषधाच्या गटात ५७.७ टक्के मृत्यू, नकली इंजेक्शनाच्या गटात २२.७. इन्फ्लिक्सिमॅबची चाचणी संसर्गामुळे मधेच थांबवली. अनाकिन्रा हे सूज रोखणारं औषध आणि झिंक प्रेडनिसोनशी (हेही स्टेरॉइड) ताडलं, तिथे प्रेडनिसोनच सरस ठरलं. प्रेडनिसोलोनला अ‍ॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट या प्रतिजैविकाची जोड दिली (फ्रान्स, २०२३, २९२ रुग्ण): संसर्ग कमी झाले, पण ६० दिवसांतले मृत्यू १७.३ विरुद्ध २१.३ टक्के, हा फरक पुरावा म्हणून पुरत नाही. लार्सुकोस्टेरॉल या नव्या औषधाची ३०७ रुग्णांची चाचणी मुख्य उद्दिष्ट गाठू शकली नाही.

यातली एन-अ‍ॅसिटिलसिस्टीनची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. फ्रान्स, २०११, १७४ रुग्ण, प्रेडनिसोलोनसोबत पाच दिवस शिरेतून. महिन्याभरातले मृत्यू ८ टक्के विरुद्ध २४. पण चाचणीआधी जाहीर केलेलं उद्दिष्ट ६ महिन्यांचं होतं, तिथे २७ विरुद्ध ३८ आणि तो फरक सिद्ध झाला नाही. कुळागर, 'कितव्या दिवशी' याच्या जोडीला हाही प्रश्न घ्या: मोजायचा दिवस आधी ठरवला होता की नंतर निवडला?

आजोळ
अवांतर, पण भिंतीवरच्या पानासाठी गरजेचं. 'नकली गोळी' हा शब्द काढा. वाचणाऱ्याला बनावट औषध विकणारा दुकानदार आठवेल. 'औषध नसलेली, तशीच दिसणारी गोळी' असं लिहा. 'यादृच्छिक वाटणी' कोणाला समजणार नाही आणि 'चिठ्ठी टाकून' म्हटलं की मटक्यासारखं वाटतं. 'कोणाला कोणता उपचार हे संगणक ठरवतो, डॉक्टरलाही निवडता येत नाही, म्हणून ओळखीच्या माणसाला चांगलं आणि परक्याला वाईट असं होत नाही' हे लांबतं खरं, पण यात भीती नाही.

कुळागर
आजोळ, दोन्ही बदल मान्य. वर लिहिलेलं तसंच ठेवतो, पानावर मात्र तुमचे शब्द घेईन.

पर्वरीकर
इतके प्रतिसाद झाले आणि मूळ रोगाला कोणी हात लावला नाही. ९० दिवसांनंतर आणि वर्षानंतर फरक का मावळतो? यकृत सावरायला लागतं आणि माणूस पुन्हा तवेर्नात जाऊन बसतो. पहिल्या महिन्यानंतर कोण जगेल हे मुख्यतः दारू सुटली की नाही यावर ठरतं. म्हणून चाचणीत दारू सोडवण्याची मदत दोन्ही गटांना आहे का, हे विचारलंच पाहिजे.

यावर एक चांगली चाचणी आपल्या गोव्यातच झाली आहे. संगाथ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत धोकादायक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर केलेला अभ्यास २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांनी जास्तीत जास्त चार बैठका घेतल्या. तीन महिन्यांनी ३६ टक्के पुरुष धोक्याच्या पातळीखाली आले, नेहमीच्या सल्ल्यावर २६. गेल्या १४ दिवसांत थेंबही न घेतलेले ४२ विरुद्ध १८. ही माणसं अजून काविळीपर्यंत पोहोचलेली नव्हती, तेव्हा हे आकडे वॉर्डातल्या रुग्णाला जसेच्या तसे लावू नयेत. पण हे काम गावात, गावच्या भाषेत होऊ शकतं, याचा हा पुरावा आहे.

दारूची ओढ कमी करणाऱ्या गोळ्यांत बॅक्लोफेन. इटलीत २००७ मध्ये सिऱ्होसिस (यकृत वणांनी कडक होणं) असलेल्या ८४ जणांत १२ आठवडे: ७१ टक्के दारूपासून दूर, औषध नसलेल्या गोळीवर २९. पहिले तीन दिवस ५ मिग्रॅ तीनदा, नंतर १० मिग्रॅ तीनदा. हे किडनीतून बाहेर पडतं, म्हणून क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर साठतं आणि गुंगी आणतं. ज्याची शुद्ध आधीच डळमळीत आहे त्याला तर जपूनच. डायसल्फिराम (प्यायल्यास त्रास व्हावा म्हणून देतात ती गोळी) या आजारात टाळतात.

शेवंती
पर्वरीकर, पूर्ण सहमत, फक्त एक इशारा. 'दारू सोडवा' म्हणून घरच्यांनी एका दिवसात घरीच कोंडून बंद करू नये. रोज भरपूर पिणाऱ्याला शेवटच्या पेल्यानंतर ६ ते २४ तासांत थरथर सुरू होते, दोन दिवसांच्या आत आकडी येऊ शकते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम. हे रुग्णालयात व्हायला हवं. यकृत खराब असेल तर डायझेपामऐवजी लोराझेपाम, आणि ग्लुकोज चढवण्याआधी थायमिन (जीवनसत्त्व बी१).

आता जेवण. बेल्जियम-फ्रान्समध्ये १३६ रुग्णांना स्टेरॉइडसोबत नाकातल्या नळीने जास्तीचं अन्न देऊन पाहिलं. नळीने मृत्यू कमी झाल्याचं सिद्ध झालं नाही, जवळजवळ निम्म्यांची नळी मुदतीआधीच काढावी लागली. पण दिवसाला वजनाच्या किलोमागे २१.५ किलोकॅलरीपेक्षा कमी पोटात गेलेल्यांत मृत्यू जास्त होते. म्हणून लक्ष्य ३५ किलोकॅलरी आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं, दर किलोला. ६० किलोच्या माणसाला २१०० किलोकॅलरी आणि ७२ ते ९० ग्रॅम प्रथिनं. वजन पोटातलं पाणी वगळून धरा.

आपल्याकडे काविळीत नुसती पेज आणि उसाचा रस देतात. ४० ग्रॅम तांदळाची वाटीभर पेज म्हणजे जेमतेम १४० किलोकॅलरी. त्याऐवजी दिवसभरात २५० ग्रॅम तांदळाचा भात, १५० ग्रॅम बांगडा, दोन अंडी, ५० ग्रॅम मूग आणि पाव लिटर दूध धरलं तर प्रथिनं ७५ च्या पुढे जातात. कॅलरी तेल, नारळ, केळ्यांनी भरून काढा. झोपताना नाचणी, गूळ आणि नारळाच्या रसाची तिझन एक मोठी वाटी द्यावी, कारण अशा यकृतात रात्रभराचा साठा राहत नाही आणि शरीर स्वतःचे स्नायू खातं. पोटात पाणी असेल तर मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सुकं मासं, खारं, पापड, लोणचं बंद. आणि कालवं, तिसऱ्या, खुबे अर्धकच्चे मुळीच नकोत. खाऱ्या पाण्यातला व्हिब्रिओ जंतू यकृताच्या रुग्णात रक्तात पसरून जीव घेतो.

कायद्याचं_पान
हक्कांबद्दल. २०१९ च्या नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचण्या नियमांप्रमाणे चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत, आणि ती चाचणीमुळे झाली नाही असं सिद्ध होईपर्यंत ते द्यावे लागतात. गंभीर घटना घडली की संशोधकाने २४ तासांत औषध नियामक, प्रायोजक आणि नीतिसमिती या तिघांना कळवायचं.

मृत्यू चाचणीमुळे झाला असं ठरलं तर भरपाईचं सूत्र: ८ लाख गुणिले वयाचा घटक गुणिले धोक्याचा घटक, भागिले ९९.३७. चाळिशीच्या माणसाचा वयाचा घटक १८४.१७. धोक्याचा घटक १ धरला तर सुमारे १४ लाख ८३ हजार. सहा महिन्यांहून कमी आयुष्य अपेक्षित असलेल्या रुग्णाला तो ०.५ लागतो, म्हणजे निम्मे. आणि ३० दिवसांत मृत्यूची शक्यता ९० टक्के किंवा जास्त असेल तर सरसकट २ लाख. म्हणून पहिल्या दिवशीचा मॅड्री आणि मेल्ड कागदावर असणं घरच्यांच्याही हिताचं. आधीपासून बाजारात असलेल्या औषधाची, महाविद्यालयाने स्वतः चालवलेली शैक्षणिक चाचणी वेगळ्या चौकटीत येते. तिथे भरपाई कोण देणार हे आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांना धरून लेखी विचारून घ्या.

नोंदणी सीटीआरआयवर (भारतातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही) पाहा. १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंदणी करावी लागते. क्रमांक सीटीआरआय, वर्ष, महिना, आकडा अशा रूपात असतो. त्या पानावर मुख्य उद्दिष्ट आणि ते कोणत्या दिवशी मोजणार हेही लिहिलेलं असतं. मांडवीकाठ यांच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळतं.

रुग्णाची शुद्ध नीट नसेल तर कायदेशीर प्रतिनिधी सही करतो, वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदार हवा. शुद्धीवर आल्यावर रुग्णाला स्वतःला पुन्हा विचारलं पाहिजे, हे बऱ्याचदा राहून जातं. सही केलेली प्रत घरी मिळाली पाहिजे, मराठी किंवा कोकणी जी कळते त्या भाषेत.

माड
आणि येण्याजाण्याचं काय? काणकोणहून किंवा वाळपईहून बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेज) ७व्या, २८व्या, ९०व्या दिवशी यायचं म्हणजे सोबतच्या माणसाचीही मजुरी बुडते.

कायद्याचं_पान
प्रवासखर्च मिळणार असेल तर रक्कम संमतीपत्रात लिहिलेली असते. किती फेऱ्या, कोणाकोणाचा खर्च, रोख की खात्यात, हे सहीआधी विचारा. ९०व्या दिवशी रुग्ण आला नाही तर तो जगला की गेला हेच चाचणीला कळत नाही, आणि असे बरेच निसटले की निष्कर्ष लंगडा होतो. त्यामुळे दोन फोन नंबर देणं दोन्ही बाजूंच्या फायद्याचं.

सुरंगी
पिणं चालू आहे का हे रक्तातल्या पेथ चाचणीतून दोन ते चार आठवडे मागचं कळतं, लघवीतल्या ईटीजीमधून काही दिवसांचं. घरच्यांनी याला पोलिसी तपास समजू नये. पण निकाल कोणाला दाखवणार, आणि पिणं आढळलं तर रुग्णाला चाचणीतून काढणार की मदत देणार, हे आधी विचारून ठेवा.

कुळागर
सगळ्यांचे मनापासून आभार. पान असं बसवलं आहे. वरती माड यांचं फेणी-हुर्राकाचं माप. मग सकाळी विचारायचे प्रश्न: मुख्य निकाल कितव्या दिवशी मोजणार आणि तो दिवस नोंदणीत आहे का? आतापर्यंत किती माणसांवर हे झालं आहे? माझ्या माणसाला हा उपचार न मिळता दुसऱ्या गटात गेला तर त्याला काय मिळेल? संसर्ग नाही याची कोणती तपासणी झाली? सातव्या दिवशी लागू पडलं नाही तर पुढे काय? दारू सोडवायला कोण मदत करणार, आणि ती दोन्ही गटांना आहे का? इजा झाली तर खर्च कोणाचा, फेऱ्यांचा खर्च किती? खाली जेवणाचं माप. अबोलीताईंसाठी 'छोटी चाचणी' हे शब्द काढून 'आतापर्यंत किती माणसांवर' असं केलं आहे. जी-सीएसएफ आणि जंतुरोपण यांची नावं मुद्दाम घातली नाहीत, पानावरून कोणी औषध मागायला जाऊ नये.

अबोली
हे चांगलं झालं. एक ओळ वाढवा: नाही म्हटलं तरी नेहमीचे उपचार थांबत नाहीत आणि मधेच बाहेरही पडता येतं. रात्रभर घरच्यांच्या मनात तीच भीती असते.

तपासनीस
आणि तळाशी रिकामे रकाने ठेवा, पेनने भरायला. तारीख, पीटी सेकंद, त्या दिवसाचा कंट्रोल, बिलिरुबिन, क्रिएटिनिन, आयएनआर, जीवनसत्त्व के कधी दिलं. दोन ओळी: पहिला दिवस, सातवा दिवस. लॅबचं नावही लिहायला जागा ठेवा.

कुळागर
दोन्ही घातलं. लॅबच्या नावाचा रकाना रुंद केला आहे, दोन्ही दिवशी एकच नाव यायला हवं असं बाजूला लिहून.